रिफायनरी बंद होते तेव्हा

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थजवळच्या क्विनानाची ॲल्युमिना रिफायनरी जून २०२४ मध्ये थांबली. बॉक्साइटच्या दगडातून ॲल्युमिना, म्हणजे जिच्यापासून ॲल्युमिनियम धातू होतो ती पांढरी पूड, काढणारा, १९६३ पासून दिवसरात्र चालत आलेला कारखाना. बंद करणार ही बातमी त्याच वर्षी जानेवारीत आली, तेव्हा तिथे सुमारे ८०० माणसं कामाला होती. अल्कोआ कंपनीने कारणं सांगितली: कारखान्याचं वय, चालवण्याचा खर्च, बाजाराची स्थिती आणि खाणीतून येणाऱ्या बॉक्साइटचा घसरलेला कस. पहिली तीन कुठल्याही जुन्या कारखान्याला लागू पडतील. चौथं मात्र इथल्या डोंगराचं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने ही रिफायनरी कायमचीच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात, २०२४ च्या अखेरीला, जगाच्या बाजारात ॲल्युमिनाचा भाव टनाला ८०० अमेरिकी डॉलरच्या वर गेला होता. तोवर इथल्या टाक्या गार पडल्या होत्या.

मी पर्थच्या दक्षिणेला, रॉकिंगहॅमला राहते. क्विनाना इथून अगदी जवळ. मूळची मी रत्नागिरीची. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं ‘रिफायनरी’ हा शब्द काढला की घरात दोन तट पडतात. आधी नाणार, मग बारसू. लग्नघरात पंगतीला बसलेली माणसंसुद्धा या विषयावर हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. ती खनिज तेलाची आणि ही ॲल्युमिनाची, हा फरक मला कळतो. पण क्विनानाच्या किनाऱ्यावर एकाच पट्ट्यात दोन्ही होत्या, आणि आज दोन्ही बंद आहेत. रिफायनरी कशी येते हे कोकणात आता शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहे. ती जाते कशी, हे मी इथे राहून पाहते आहे, आणि ते आपल्या माणसांना सांगावंसं मनापासून वाटतं.

आधी जागा सांगते. पर्थहून समुद्राच्या कडेने दक्षिणेला उतरलं की कोबर्न साउंड हा उपसागर लागतो. गार्डन आयलंड नावाचं लांबट बेट समोर आडवं आहे, त्यामुळे हिंदी महासागराच्या लाटा बाहेरच अडतात आणि आतलं पाणी शांत राहतं. जहाजं लागायला याहून सोयीची जागा नाही. १९५० पर्यंत इथे मासेमारी होती, सुट्टीला येणारी कुटुंबं होती आणि किनाऱ्यावर रुतून बसलेलं एक जहाज होतं. ‘एसएस क्विनाना’ हे त्या जहाजाचं नाव. १९२० च्या दशकात ते इथे वाळूवर आलं आणि जागेला नाव देऊन गेलं. त्याचा सांगाडा अजून तिथेच आहे. आत काँक्रीट भरून त्याचा ओटा केलाय, लोक त्यावर बसून गळ टाकतात.

या किनाऱ्याचं नशीब पालटलं ते इराणमुळे. १९५१ मध्ये इराणने तेलउद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि अबादानची प्रचंड रिफायनरी अँग्लो-इराणियन कंपनीच्या हातून गेली. हीच कंपनी पुढे बीपी झाली. कंपनीला नव्या जागा हव्या होत्या, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारला उद्योग हवे होते. १९५२ मध्ये करार झाला आणि १९५५ मध्ये क्विनानाची तेल रिफायनरी सुरू झाली. आपल्या मुंबईतही ट्रॉम्बे-माहूलला स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेलच्या रिफायनऱ्या याच सुमाराला, १९५४-५५ मध्ये उभ्या राहिल्या. एका देशातल्या निर्णयाचे धक्के किती लांबच्या किनाऱ्यांना बसतात!

कामगारांसाठी मेदिना नावाची वसाहत वसवली. तिचा आराखडा मार्गारेट फीलमन या तरुण नगररचनाकार बाईंनी केला. जमीन सपाट करून सरळ रेघोट्या मारायच्या नाहीत, असलेली झाडं राखायची, रस्ते त्यांच्या कलाने वळवायचे, असा तो आराखडा. मेदिना, कॅलिस्टा, पार्मेलिया ही इथल्या वस्त्यांची नावं सुरुवातीला गोरे वसाहतकार ज्या जहाजांतून आले त्यांची आहेत. त्यांच्या आधी हजारो वर्षं इथे नूंगार लोक राहत होते. या उपसागराला ते देर्बल नारा म्हणतात.

तेलामागोमाग पोलाद आलं, ॲल्युमिना आलं, खत, वीज, निकेल, धान्याची प्रचंड गोदामं. ॲल्युमिना आलं ते मागच्या डोंगरामुळे. पर्थच्या पूर्वेला डार्लिंग रेंज आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तिला डोंगररांग म्हणताना जीभ अडखळते, पण तिच्या माथ्यावर बॉक्साइट आहे. १९६१ मध्ये अल्कोआ ऑफ ऑस्ट्रेलिया कंपनी स्थापन झाली. जाराडेलला खाण, तिथून रेल्वेने किनाऱ्यावर रिफायनरी, रिफायनरीच्या धक्क्यावरून जहाजाने पार पलीकडे व्हिक्टोरिया राज्यातल्या पॉइंट हेन्रीच्या ॲल्युमिनियमच्या भट्टीत. १९६३ मध्ये ही सगळी साखळी एकदम चालू झाली. पुढे कंपनीने याच राज्यात १९७२ मध्ये पिंजारा आणि १९८४ मध्ये वॅगरप इथे आणखी दोन रिफायनऱ्या काढल्या. पॉइंट हेन्रीची भट्टी २०१४ मध्ये विझली.

पहिल्यांदा डार्लिंग रेंजच्या जंगलात चालायला गेले, तेव्हा पायाखाली तांबडे, मण्यांएवढे गोल खडे होते. त्यावरून पाय सटकतो, म्हणून खाली बघत चालावं लागतं. एक मूठभर उचलून पाहिले आणि मला आमच्या घरामागचा कातळाचा सडा दिसला. तोच रंग, तोच गंजाचा वास. हा जांभाच. आपल्याकडे काळा पाषाण पावसाने झिजून झिजून जांभा झाला, इथे ग्रॅनाइट झिजला. विरघळणारं सगळं लाखो वर्षांत वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. जिथे ॲल्युमिनियम जास्त, त्याला बॉक्साइट म्हणायचं. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीकडे दुर्गमानवाडीला हेच निघतं आणि बेळगावच्या रिफायनरीत जातं. ती १९६९ पासूनची. दापोली-मंडणगडकडेही बॉक्साइटच्या खाणी झाल्या. ज्या दगडाचे चिरे काढून आपण घरं बांधली आणि ज्याच्या सड्यावर कुणी अज्ञात माणसांनी कातळशिल्पं कोरली, त्याच कुळातला हा दगड. म्हणून क्विनानाची गोष्ट मला परकी वाटत नाही.

डार्लिंग रेंजचं बॉक्साइट मात्र फार हलकं. जगात जिथे जिथे बॉक्साइट काढून कारखाने चालवतात, त्यात कस सर्वांत कमी असलेल्यांपैकी हे एक. कारखाना चालला, कारण खाण वरवरची, किनारा जवळ आणि दगडातलं ॲल्युमिना सहज सुटणारं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. सोळा-सतरा वर्षांचे असताना शिकाऊ फिटर म्हणून ते या रिफायनरीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कुंपणाला टेकून ते जे सांगतात ते मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नसतं. दगड दळायचा, गरम कॉस्टिक सोड्यात शिजवायचा, दीडशे अंशांच्या आसपास. ॲल्युमिना विरघळतं, लोखंड, वाळू आणि बाकीचं खाली बसतं. वरचं निवळ द्रावण उंच उंच टाक्यांत नेऊन हळूहळू थंड करायचं आणि त्यात आधीच्या घाण्यातले बारीक स्फटिक बियाण्यासारखे सोडायचे. मी त्यांना खडीसाखर कशी करतात ते सांगितलं, पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडे कसे धरतात ते, तर ते खूश होऊन म्हणाले, हेच, अगदी हेच. एक-दीड दिवस लागतो. मग ते स्फटिक धुऊन हजार अंशांच्या आसपास भाजायचे, की पांढरीशुभ्र पूड तयार. तांबड्या डोंगरातून पांढरी पूड. अशी दोन टन पूड लागते तेव्हा एक टन ॲल्युमिनियम धातू मिळतो, आणि तोही दुसरीकडे, जिथे वीज मुबलक असेल तिथल्या भट्टीत.

ही रीत कार्ल जोसेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाने १८८७-८८ च्या सुमाराला रशियात, सेंट पीटर्सबर्गला शोधली. तेव्हा ती धातूसाठी नव्हतीच. कापड रंगवताना रंग पक्का बसावा म्हणून ॲल्युमिना लागायचं, त्या कामासाठी होती. आजही जगभर ॲल्युमिना बहुतेक याच रीतीने होतं.

आजोबा कारखान्याच्या पसाऱ्याबद्दल बोलत नाहीत, थराबद्दल बोलतात. टाक्यांना, पायपांना आतून दगडासारखा थर धरतो. ठरलेल्या मुदतीने टाकी रिकामी करायची, माणसांनी आत उतरायचं आणि जॅकहॅमरने तो फोडून काढायचा. बाहेर आलेल्या माणसाच्या कानात रात्री जेवतानाही तोच आवाज. कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर क्षणात पाणी मिळायला हवं, म्हणून पावलापावलावर शॉवर. नव्या मुलाला पहिल्या दिवशी डोळे मिटून शॉवर कुठे ते शोधायला लावायचे.

त्यांच्याकडून मला कळलेली सर्वांत मोठी गोष्ट ही, की असा कारखाना बटण दाबून बंद करता येत नाही. टाक्यांतलं द्रावण तसंच थंड होऊ दिलं तर ते आतल्या आत गोठून घट्ट होतं. म्हणून एकेक टाकी उतरवायची, धुवायची, द्रावण पुढे हाकायचं, सोडा परत गोळा करायचा. जून २०२४ ही तारीख उत्पादन थांबल्याची. काम संपल्याची नव्हे. ८०० पैकी काही माणसं त्यानंतरही बंद करण्याच्या कामासाठी ठेवावी लागली.

क्विनानाच्या पट्ट्यात कारखाने एकमेकांना लागून आहेत, तसे ते एकमेकांवर टेकूनही आहेत. औद्योगिक परिसराचे अभ्यासक या पट्ट्याचं उदाहरण देतात ते यासाठीच. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याला लागतो. खत कारखान्यातलं जिप्सम रिफायनरीत ॲल्युमिना काढून उरलेल्या लाल गाळात मिसळलं की त्यावर गवत, झुडपं धरू लागतात. त्याच कारखान्याच्या अमोनिया विभागातला कार्बन डायऑक्साइड २००७ पासून पायपाने आणून गाळात सोडायला लागले. त्याने गाळाचा दाहकपणा उतरतो आणि वायूही गाळातच अडकून राहतो. मला हे फार सुंदर वाटतं, उद्योगांनी असंच राहायला हवं. पण पायपाच्या एका टोकाचा कारखाना बंद झाला की दुसऱ्या टोकाच्या कारखान्याला आपला वायू पुन्हा हवेत सोडायचा की काय, हा प्रश्न पडतो. तेलाची रिफायनरी २०२१ मध्ये बंद झाली, निकेलची ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. पोलादाची झोतभट्टी तर १९८२ मध्येच बंद पडली होती. शेजार विरत चालला की उरलेल्यांचा हिशेबही बदलतो. कंत्राटी वेल्डर, मचाण बांधणारे, क्रेनवाले, पहाटे पाचला उघडणारं खानावळवजा दुकान, यांची गणती ८०० मध्ये नव्हती.

जागा ओस पडली आहे असं मात्र नाही. जुन्या वीजकेंद्राच्या आवारात आता प्रचंड बॅटऱ्या बसवल्यात. लिथियम शुद्ध करण्याचा कारखाना आलाय. समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प २००६ पासून पर्थला पाणी पाजतो. आणि सरकारला इथेच नवं कंटेनर बंदर करायचंय. किनारा एकदा उद्योगाला दिला की तो परत मिळत नाही, एवढं इथे सरळ दिसतं.

समुद्राचं सांगायलाच हवं. कोबर्न साउंडच्या तळाशी सागरी गवताची कुरणं होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यातली तीन चतुर्थांशांहून जास्त गेली. दोष मुख्यत्वे ॲल्युमिनाचा नव्हता. खत कारखान्याचं आणि मैल्याचं पाणी समुद्रात गेलं, त्यातल्या नत्राने शेवाळ माजलं, गवताच्या पात्यांवर चढलं आणि उजेड अडला. पुढे सांडपाण्यावर बंधनं आली, पाणी सुधारलं. गवत परत आलं नाही. हाताने रोपं लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. पिंक स्नॅपर मासे अंडी घालायला अजूनही दर वसंतात इथे येतात, म्हणून तर नव्या बंदराची मच्छीमारांना धास्ती आहे.

डोंगरावरचा हिशेब वेगळा. तिथे जारा नावाच्या लाल लाकडाच्या झाडांचं जंगल आहे. या लाकडाचे रेल्वे स्लीपर ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातही गेले. खाणीसाठी जंगल तोडलं की दगड काढून झाल्यावर वरची माती परत पसरून पुन्हा जाराच लावतात; सुरुवातीच्या वर्षांत परदेशी पाइन वगैरे लावले होते, ते पुढे सोडून दिलं. लावलेली झाडं वाढतात, मी पाहिली आहेत, दाट आणि सारख्या उंचीची. पण काळे काकाकुवे ज्या ढोलीत अंडी घालतात, ती पडायला झाड शंभराहून जास्त वर्षांचं व्हावं लागतं. कारखाना साठ वर्षं चालला. ढोलीला त्याच्या दुप्पट वेळ लागेल. पर्थला पिण्याचं पाणी देणाऱ्या धरणांचे पाणलोटही याच जंगलात आहेत, आणि बाकीच्या दोन रिफायनऱ्यांसाठी खाणकाम चालूच आहे.

आणि आता तो लाल गाळ. चांगल्या बॉक्साइटचं एक टन ॲल्युमिना काढताना टन-दीड टन गाळ होतो. डार्लिंग रेंजच्या हलक्या दगडात तो जवळजवळ दोन टन. वर्षाला वीस लाख टनांच्या घरात पूड काढणाऱ्या कारखान्याने साठ वर्षांत किती गाळ केला असेल, त्याचा गुणाकार ज्याचा त्याने करावा. तो कुठे गेला नाही. कारखान्यामागे बांध घालून केलेल्या प्रचंड वाफ्यांत तो पसरलाय, थरावर थर. निम्माशिम्मा जाड वाळूच, कारण मूळचा ग्रॅनाइट. बाकी बारीक लाल चिखल, त्यात सोड्याचा अंश. उन्हाळ्यात पूर्वेचं कोरडं वारं सुटलं की धूळ उडू नये म्हणून फवारे चालू ठेवावे लागतात. खालच्या भूजलावर नजर ठेवावी लागते. बाजूला घरं बांधू द्यायची की नाही, किती अंतर सोडायचं, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. बांध फुटला तर काय होतं ते जगाने ४ ऑक्टोबर २०१० ला हंगेरीत अयकाला पाहिलं: लाल लोंढा गावांत शिरला, दहा माणसं गेली. इथले वाफे तसे नाहीत, गाळ बराच वाळवून पसरतात. तरी राखण लागतेच, आणि तिला शेवटची तारीख नाही.

मला टोचतं ते हेच. कारखान्याचं आयुष्य साठ वर्षं धरून पगार, कर, निर्यात सगळं मोजलं गेलं. राखणीच्या वर्षांचा रकाना कोणीच आखला नव्हता. या देशात पैसा आहे, कायदा कडक आहे, कंपनी अजून शेजारच्या गावांत उभी आहे, म्हणून राखण होते. जिथे यातलं एकही नसेल, तिथे काय?

आमच्या रत्नागिरीत ॲल्युमिनियमच्या कारखान्यासाठी सत्तरच्या दशकात जमिनी घेतल्या गेल्या. कारखाना आला नाही. नव्वदच्या दशकात तांब्याचा स्मेल्टर येऊ घातला होता, लोकांनी तो परतवला, तो तुतिकोरिनला गेला. बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये माती तपासायला यंत्रं आली तेव्हा बाया उन्हात आडव्या पडल्या होत्या. मी विरोधकांच्या बाजूची आहे हे लपवत नाही. पण विरोध करणाऱ्यांच्या पत्रकांतही मला ‘बंद होईल तेव्हा’ हे वाक्य सापडलं नाही. समर्थकांच्या पत्रकांत तर नाहीच. खाण बंद करायचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी आपल्याकडे कायद्याने आधीच घेतात. मग किनाऱ्यावरच्या कारखान्याकडून ती का मागू नये? गाळ कुठे, टाक्या कोण उतरवणार, पैसे आज कुठल्या खात्यात ठेवणार, गावाला तो कागद कोण दाखवणार?

हे मी मागच्या महिन्यात राजापूरच्या चुलतभावाला फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेतो. मग म्हणाला, “ताई, तू साठ वर्षांनंतरचं बोलतेस. माझ्या पोराचं आयटीआय मार्चमध्ये संपतंय.” पोरगा केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर हा ट्रेड शिकतोय. पुढे लोट्याच्या एमआयडीसीत मिळालं तर ठीक, नाहीतर तळोजा, नाहीतर गुजरात. त्याच्या वयाची सगळी पोरं गावाबाहेरच आहेत. भावाचं म्हणणं खोटं नाही, आणि त्याला उत्तर देताना साठ वर्षांचा पगार हा काही लहान आकडा नव्हे हेही मला मान्य करावं लागलं. शेजारच्या आजोबांचं घर, मुलांची शिक्षणं, बायकोचं आजारपण, सगळं त्या पगारावर निभावलं.

पोराने मग फोन हातात घेतला. त्याला कारखान्याबद्दल सगळं ऐकायचं होतं: टाक्या किती उंच, द्रावण गोठू नये म्हणून पंप कुठल्या क्रमाने थांबवतात, आधी कुठला व्हॉल्व्ह. मला सांगता येईना. मी शनिवारी आजोबांच्या कुंपणाशी जाऊन फोन त्यांच्या हातात दिला. पोराचं इंग्रजी मोडकंतोडकं, आजोबांचं इथल्या बोलीतलं, तरी तासभर दोघांचं जमलं. शेवटी पोराने विचारलं, बंद करायचं काम शिकवणारा कोर्स असतो का? आजोबा म्हणाले, आम्हाला कुणी शिकवला नाही, तू ये, मी शिकवतो.